रेवतीचं डोहाळजेवण

वंशसातत्य हे निसर्गाने सजीवांवर सोपवलेलं सर्वांत पवित्र कार्य आहे. हे वाक्य माझं आहे. धामणपूर महानगरपालिकेचा जनसंपर्क अधिकारी म्हणून पंचवीस वर्षांपूर्वी मी ते एका प्रसिद्धिपत्रकासाठी लिहिलं. लिहीत होतो तेव्हा ते पवित्र कार्य माझ्यापासून पंधरा फुटांवर, गजांच्या पलीकडे, सकाळपासून अकराव्यांदा सुरू होतं आणि महापौर हंबीरराव इंगवले मनगटावरच्या घड्याळात वेळ मोजत होते.

"बावीस सेकंद," ते म्हणाले. मग जरा थांबून, "हे लिहू नका, बिडकर."

"नाही लिहीत."

सिंहाचं नाव सम्राट, सिंहिणीचं रेवती. सम्राट एका बंद पडलेल्या सर्कशीतून आमच्या प्राणिसंग्रहालयात आला होता. रेवती नंतर, कुठल्याशा अदलाबदलीत, दोन नीलगायींच्या मोबदल्यात. त्यांचा संसार असा होता: सम्राट उठायचा, तिच्याजवळ जायचा, तिची मानगूट तोंडात धरून गुरगुरायचा आणि बावीस सेकंदांनी खाली उतरायचा. उतरला की रेवती गर्रकन वळून त्याला एक सणसणीत थोबाडीत द्यायची आणि चारही पाय वर करून लोळायची. सम्राट चार पावलं लांब जाऊन, निवृत्त मुख्याध्यापक बागेत बसतात तसा, कुणाकडेच न बघता बसून राहायचा. वीस मिनिटांनी पुन्हा उठायचा.

"दर वीस मिनिटांनी?" महापौरांनी विचारलं.

"साधारण, असं वाटतं," डॉ. कुलथे म्हणाले. हे आमचे पशुवैद्यकीय अधिकारी. नोकरीला लागून दीडच वर्ष झालं होतं. प्रत्येक विधानाला शेपटीसारखं 'असं वाटतं' लावायची त्यांना सवय होती. "तीन दिवस झाले. रात्रीसुद्धा. या काळात तो खात नाही फारसा."

"तीन दिवस उपाशी?" महापौरांनी सम्राटकडे पाहिलं. पालकमंत्र्यांकडेसुद्धा त्यांनी इतक्या आदराने पाहिलेलं मी पाहिलं नव्हतं. "याला म्हणतात मर्द. बघा, कुलथे. शिका काहीतरी."

कुलथे अविवाहित होते. त्यांनी मान खाली घातली.

तेवढ्यात शेवंताबाई मांसाची बादली घेऊन आली. शेवंताबाई हातागळे पिंजऱ्यांवर काम करायची. आधी तिचा नवरा सटवाजी त्या जागेवर होता. तो वारला, तेव्हा तिला त्याच्या जागी रोजंदारीवर घेतलं आणि 'पुढच्या वर्षी कायम करू' असं सांगितलं. त्याला तीन वर्षं झाली होती. तिच्या कायम होण्याची फाईल महापौरांच्या टेबलावर होती, आणि घरी चार वर्षांची मुलगी होती. तिच्या हातातली बादली चांगली जाड स्टीलची, पण पोचे पडलेली. बादलीवर काहीतरी कोरलेलं होतं. आपल्याकडे भांड्यावर नाव कोरलेलं नसेल तरच लोक वळून बघतात, त्यामुळे मी वाचलं नाही.

"काय शेवंताबाई," महापौर खुशीत होते, "पिल्लं कधी दाखवताय?"

"न्हाई व्हायची, साहेब."

"का?"

"गेल्या साली बी असंच झालं. त्याच्या आदल्या साली बी. ह्याचं काय हाय—"

"बाई," महापौरांनी हात वर केला, "शुभ बोलावं माणसानं. निदान तुम्ही तरी."

निदान तुम्ही तरी. म्हणजे विधवेने तरी. तिथे उभ्या असलेल्या सगळ्यांना ते कळलं, आणि सगळ्यांनी सम्राटकडे बघायला सुरुवात केली. शेवंताबाईने तोंड मिटलं, बादली उचलली आणि ती मागच्या दाराकडे गेली.

निवडणूक पाच महिन्यांवर आली होती. हंबीररावांनी पाच वर्षांत बांधलेली गटारं दोनदा वाहून गेली होती आणि विरोधकांकडे त्याचे फोटो होते. आता त्यांना सिंहाचं पिल्लू हातात घेतलेला स्वतःचा फोटो हवा होता. गाडीत बसताना ते म्हणाले, "बिडकर, गटार लोक विसरतात. सिंह नाही विसरत."

पवित्र कार्याचं ते वाक्य दुसऱ्या दिवशी चार वर्तमानपत्रांत छापून आलं. एकाने 'पवित्र' काढून 'महत्त्वाचे' केलं होतं. मला राग आला होता, हे आठवतं.

त्या दिवसापासून महापौरांच्या हुकमाने रेवतीला रोज तीन किलो जादा मांस मिळायला लागलं. दोन महिन्यांनी डॉ. कुलथ्यांनी पिंजऱ्याबाहेर उभं राहून दुर्बिणीतून तिचं पोट पाहिलं आणि ते वाढलंय असं वाटतं, असं सांगितलं.

"सोनोग्राफी करता येते का?" मी विचारलं.

"येते."

"मग?"

"आत कोण जाणार?"

रेवती जास्त झोपायला लागली होती, आणि शेवंताबाईशिवाय कुणी जवळ गेलं तर फिसकारायची. कुलथे म्हणाले, हीसुद्धा गर्भारपणाची लक्षणं असू शकतात. 'असू शकतात' हा शब्द त्यांनी तीनदा वापरला. महापौरांना तो एकदाही ऐकू आला नाही.

"किती दिवसांत होतं?"

"साडेतीन महिन्यांत. एकशेदहा दिवस धरा."

"एवढंच? आपल्याकडे साधी परवानगी निघत नाही तेवढ्यात." महापौर हसले, आणि हसता हसता त्यांना कल्पना सुचली. त्यांच्या सगळ्या कल्पना हसता हसताच सुचायच्या. म्हणूनच त्यांच्यासमोर विनोद करायचा नाही, असा महापालिकेत अलिखित नियम होता.

रेवतीचं डोहाळजेवण करायचं ठरलं. महापालिकेच्या वतीने, जाहीर, मांडव घालून. निमंत्रणपत्रिका मी लिहिली. 'आमचे येथे श्रीकृपेकरून' याच्यापुढे काय लिहावं यावर मी एक आख्खी दुपार घालवली.

पिंजऱ्यासमोर फुलांची चंद्रकोर उभी केली. गर्भारशीने तिच्यावर बसून फोटो काढायचा असतो. रेवती आत असल्यामुळे तिच्यावर नगरसेवकांच्या बायका आळीपाळीने बसल्या. ओटी भरायला पाच सवाष्णी निवडल्या होत्या. पुढे महापौरांच्या पत्नी, वहिनीसाहेब. नारळ, तांदूळ आणि खण घेऊन त्या पिंजऱ्यापासून बारा फुटांवर येऊन थांबल्या. रेवतीने एक डोळा उघडला. पाचही सवाष्णी अठरा फुटांवर गेल्या. शेवटी ओटी एका बांबूच्या टोकाला बांधून गजांपर्यंत नेली. नारळ खाली पडून घरंगळत गटारात गेला. ते गटार मात्र अजून शाबूत होतं.

शेवंताबाईला पाण्याच्या टाकीमागे उभं राहायला सांगितलं होतं. शुभकार्य होतं. मी तिला ते सांगायला गेलो होतो. मी शक्य तितक्या सभ्य शब्दांत सांगितलं, आणि ती म्हणाली, "कळलं, साहेब. टाकीमागंच जावं म्हणता ना?"

पण पुढे अडचण आली. मुलगा की मुलगी हे ओळखायला झाकलेल्या वाट्या ठेवतात: एकीत पेढा, एकीत बर्फी. इथे दोन झाकलेली ताटं होती: बकऱ्याचं मांस असेल तर नर, कोंबडीचं असेल तर मादी. ताटं आत सरकवायचं धाडस कुणाला होईना. कुलथ्यांनी दोनदा ताट उचललं आणि दोनदा खाली ठेवलं.

"ती कुठाय? ती पिंजऱ्यावरची?" वहिनीसाहेबांनी विचारलं.

म्हणून शेवंताबाईला टाकीमागून बोलावलं. तिने पदर डोक्यावरून पुढे ओढला, खालच्या फटीतून दोन्ही ताटं आत सारली आणि कुणी न सांगताच परत निघाली. रेवती उठली. एकशे साठ निमंत्रितांनी श्वास रोखला. तिने आधी बकरा खाल्ला. टाळ्या पडल्या. मग तिने कोंबडी खाल्ली.

"जुळं!" महापौर ओरडले, आणि बँड सुरू झाला.

भाषणासाठी ते शेजारच्या पिंजऱ्याला पाठ लावून उभे राहिले, फोटोत मागे सम्राट यावा म्हणून. 'या पुरुषसिंहाने' इथपर्यंत ते आले असतील, इतक्यात टाकीकडून शेवंताबाईचा आवाज आला.

"बाजूला सरा! साहेब, बाजूला सरा तिथनं!"

"आता हिला कुणी बोलावलं?" वहिनीसाहेब म्हणाल्या.

"त्यानं पाठ फिरवलीय! शेपूट वर केलीय! सरा की हो!"

"बाई, तुम्हाला सांगितलं होतं ना," महापौर माइकवरूनच म्हणाले, "की या कार्यात तुमचा आवाज—"

सिंह आपल्या हद्दीवर खूण करतो ती मागच्या बाजूने, आडवी, बागेला पाणी मारल्यासारखी. हंबीररावांचा पांढरा कडक सदरा मानेपासून कमरेपर्यंत भिजला. त्या वासाला मराठीत शब्द नाही. मी पुष्कळ शोधला. पत्रकात घालायचा नव्हता, तरी शोधला.

एकशेदहावा दिवस आला आणि गेला. एकशे पंधरावा गेला. एकशे विसाव्या दिवशी कुलथ्यांनी दुर्बीण डोळ्याला लावली, काढली, पुसली आणि पुन्हा लावली. रेवतीचं पोट उतरलं होतं. जादा मांस बंद होऊन दहा दिवस झाले होते.

"खोटा गर्भ असावा," ते माझ्याजवळ हळूच म्हणाले. "मांजरकुळात होतं असं. नर लागतो, पण बीज नसतं. मादीचं शरीर फसतं आणि दीड-दोन महिने गर्भारशीसारखं वागतं."

"बीज नसतं म्हणजे?"

"म्हणजे... तेच कळत नाही." त्यांनी सम्राटकडे पाहिलं. तो वीस मिनिटांचा माणूस आता आयाळ पसरून घोरत होता. "याच्या बाबतीत तरी तसं वाटत नाही."

आम्हाला दोघांनाही महापौरांनी दालनात बोलावलं. निवडणूक तीन आठवड्यांवर होती.

"पिल्लं झाली," महापौर म्हणाले.

कुलथे उठून उभेच राहिले. "कधी?"

"परवा रात्री. तीन झाली. सिंहिणीनं खाल्ली. खातात ना कधी कधी?"

"कधी कधी खातात, पण साहेब, पोटच—"

"खातात. झालं. राखणीवरच्या बाईनं लक्ष ठेवलं नाही. त्या दिवशी कार्यातसुद्धा ती मध्ये मध्ये करत होती, सगळ्या गावानं बघितलंय. उद्या सकाळी चौकशी, परवा बडतर्फी. बिडकर, पत्रक तयार ठेवा. सम्राटनं आपलं काम चोख केलं होतं हे त्यात आलं पाहिजे."

मी पत्रक लिहिलं. तासाभरात लिहिलं. 'एका रोजंदारी कर्मचाऱ्याच्या अक्षम्य निष्काळजीपणामुळे धामणपूरकर एका मंगल क्षणाला पारखे झाले.' लाज वाटण्यासारखी गोष्ट ही की ते भाषेच्या दृष्टीने उत्तम उतरलं होतं. मी ते दोनदा मोठ्याने वाचून पाहिलं.

चौकशी समितीत तिघे होतो: अध्यक्ष महापौर, तज्ज्ञ कुलथे आणि टिपणं घ्यायला मी. शेवंताबाई सकाळी साडेदहाला आली. हातात ती बादली होती. घासून आणली होती, पण मांसाचा वास काही जात नाही.

"बादली कशाला?" महापौर म्हणाले.

"दाखवाया आणली." तिने ती काचेच्या टेबलावर ठेवली. "पिल्लं झालीच न्हाईत, साहेब. मी रोज पिंजरा धुते. पिल्लं झाली असती तर रगात दिसलं असतं. आन व्हनारच नव्हती. सम्राटची नसबंदी झालेली हाय."

 मग महापौर हसले. मीही हसलो. शिकलेल्या माणसाने वरिष्ठांच्या मागोमाग हसायचं असतं, अर्धा सेकंद उशिरा.

"नसबंदी? अगं बाई, तीन दिवस, दर वीस मिनिटांनी! मी स्वतः घड्याळ लावलं होतं. आयाळ बघ त्याची. नसबंदी झालेला नर असा असतो? नसबंदी झाली की पुरुषात काय उरतं?"

"साहेब," कुलथे म्हणाले, आणि मला आश्चर्य वाटलं, "नसबंदीनं त्यात काही फरक पडत नाही. आयाळ तशीच राहते. बाकीचंही सगळं तसंच राहतं. फक्त बीज जात नाही. आणि मग मादीला खोटा गर्भ..." ते थांबले. 'असं वाटतं' म्हणायचं ते विसरले होते.

"डॉक्टर, मला नका शिकवू. मी सभापती होतो आरोग्य समितीचा. कुटुंबकल्याणात तुमच्यापेक्षा जास्त काम केलंय मी."

"तवाचीच हाय ही," शेवंताबाई म्हणाली. "वाचा की, साहेब. तुमाला येतंय वाचाया."

हे ती मला म्हणाली. मी बादली फिरवली आणि इतके महिने बघितलेली अक्षरं पहिल्यांदा, मोठ्याने, वाचली. 'कुटुंबकल्याण पंधरवडा. पुरुष नसबंदी शिबिर. सप्रेम भेट. हस्ते: मा. हंबीरराव इंगवले, सभापती, आरोग्य समिती.' खाली सहा वर्षांपूर्वीचं साल.

स्वतःचं नाव ऐकून महापौर जरा मऊ झाले. "ही शिबिराची बादली. नसबंदी करून घेणाऱ्याला आम्ही देत होतो. ही कुणाला मिळाली?"

"माझ्या मालकाला. सम्राटच्या वतीनं. त्यांनी अंगठा दिला कागदावर. सम्राट कसा देनार?"

महापौर खुर्चीत मागे रेलले. त्यांच्या तोंडावर ती कल्पना सुचतानाची छटा आली, आणि मला पुढचं कळलं.

"म्हणजे बादली सटवाजीला. अंगठा सटवाजीचा. मग सरळ आहे, नसबंदी सटवाजीची झाली." ते एकेक शब्द मोजून बोलत होते. "सहा वर्षं झाली. तुझी मुलगी किती वर्षांची, शेवंता?"

"चार."

"चार." ते माझ्याकडे वळले. "बिडकर, हे कार्यवृत्तात घ्या. कर्मचाऱ्याचं चारित्र्य कसं आहे ते नोंदवलेलं बरं."

मी पेन उचललं. हे आजवर मी कुणाला सांगितलेलं नाही. मी पेन उचललं आणि टोपणही काढलं.

शेवंताबाई रडली नाही. तिने पदर खांद्यावर नीट घेतला. "साहेब, बादलीवरनंच ठरवायचं म्हणता?"

"ठरलंच की आता."

"न्हाई, तुमच्या तोंडानं सांगा. बादली ज्याच्या घरी, त्याची नसबंदी झाली. असंच ना?"

"असंच."

"मंग दिवाळीला आमी समद्या रोजंदारीच्या बाया तुमच्या बंगल्यावर आलतो, कायम करा म्हणाया. वहिनीसाहेबांनी मागच्या दारी पाय धुवाया पानी दिलं. ह्याच बादल्या हुत्या. हेच नाव. चार मोजल्या मी." तिने बादलीची कडी सरळ केली. "तुमची जुळी कितीची झाली, साहेब?"

महापौरांची जुळी मुलं पाच वर्षांची होती. हे सगळ्या गावाला माहीत होतं. त्यांच्या बारशाच्या जाहिरातीचा मजकूर मीच लिहिला होता.

पंखा फिरत होता. कुलथे टेबलाच्या काचेखालचं कॅलेंडर वाचत होते. ते गेल्या वर्षाचं होतं.

"बिडकर," महापौर म्हणाले. आवाज बारीक झाला होता. "हे लिहू नका."

"नाही लिहीत," मी टोपण लावलं. "पण साहेब, शिबिराचं रजिस्टर असेल आरोग्य विभागात. आणू का?"

"कशाला?"

"बादलीवरून ठरवायचं नसेल, तर कशावरून तरी ठरवावं लागेल. आपल्या घरच्या चार बादल्यांचाही प्रश्न आहे."

यात काही शौर्य नव्हतं. मी फक्त एक वही आणायची परवानगी मागितली होती. पण महापौरांना आता ती वही शेवंताबाईपेक्षा जास्त हवी होती, हे मला दिसत होतं, आणि मी हे हेतुपुरस्सर केलं असं मला नंतर वाटायला लागलं.

आरोग्य विभागाच्या अभिलेख कक्षात रजिस्टर सापडायला वीस मिनिटं लागली. वाळवीने कडा खाल्ल्या होत्या, मजकूर शाबूत होता. मी ते दालनात नेलं आणि उभ्यानेच वाचलं.

"अनुक्रमांक एक. रुग्णाचं नाव, सम्राट. वय, पाच. पत्ता, प्राणिसंग्रहालय, पिंजरा क्रमांक चार. शिक्षण, निरंक. व्यवसाय, निरंक. हयात अपत्ये, निरंक. पत्नीची संमती, लागू नाही. रुग्णाची सही, अंगठा, सटवाजी हातागळे, रुग्णाच्या वतीने. भेटवस्तू, बादली एक, पोहोचली."

"शेरा?" कुलथ्यांनी विचारलं.

"'सदर सिंह सर्कशीतील असून आफ्रिकी व गीर अशा मिश्र वंशाचा आहे. अशा सिंहांची पैदास थांबवणेबाबत वरून पत्र प्राप्त आहे. शिबिराचे शल्यचिकित्सक मोकळेच असल्याने पशुवैद्यांच्या मदतीने शिबिरातच उरकण्यात आले.' खाली सभापतींची सही."

महापौरांनी रजिस्टर ओढून घेतलं. सही बराच वेळ पाहिली. "माझीच आहे," ते म्हणाले. "वाचून करायचो नाही मी." मग त्यांनी रजिस्टर मिटलं आणि त्यावर हात ठेवून बसले. "शेवंताबाई, हे तुम्ही आधी का नाही सांगितलं?"

"सांगत हुते, साहेब. तुमी म्हनला, शुभ बोला."

पुढचं सगळं दहा मिनिटांत झालं. महापालिकेत दहा मिनिटांत झालेली दुसरी गोष्ट मला आठवत नाही. चौकशी झालीच नव्हती असं ठरलं. शेवंताबाईच्या फाईलवर सही झाली, तीन वर्षं मागच्या तारखेपासून. तिने आदेश हातात घेतला, मला वाचून दाखवायला लावला, त्यातलं नाव बरोबर आहे का ते दोनदा विचारलं आणि बादली उचलून गेली. काचेवर बादलीचा गोल ओला डाग राहिला.

मी माझं उत्तम उतरलेलं पत्रक फाडलं आणि दुसरं लिहिलं. ते एका ओळीचं होतं: 'रेवतीची प्रकृती उत्तम आहे.' एकाही वर्तमानपत्राने ते छापलं नाही.

हंबीरराव अकराशे मतांनी निवडून आले. चौकाचौकात त्यांचे फलक होते, शेजारी सम्राटचा फोटो, खाली 'धामणपूरचा पुरुषसिंह'. तो मजकूर माझा नव्हता, पण मला कुणी विचारलं असतं तर मी लिहिला असता. सम्राट पुढे सात वर्षं जगला. वर्षातून दोनदा, तीन-तीन दिवस, दर वीस मिनिटांनी उठायचा आणि बावीस सेकंदांनी थोबाडीत खायचा. शेवंताबाई पेन्शन घेऊन निवृत्त झाली. बादली तिने नेली.

त्या दिवशी रजिस्टर परत ठेवायला मीच गेलो होतो. कपाटात सारण्याआधी, सहज म्हणून, मी पुढचं पान उलटून पाहिलं. अनुक्रमांक दोन नव्हता. त्याच्या पुढेही काही नव्हतं. शेवटच्या पानावर शिबिराचा गोषवारा होता. शहराची लोकसंख्या चार लाख दहा हजार. शिबिराचे दिवस पंधरा. खाटा चाळीस. वाटप केलेल्या बादल्या दोनशे. एकूण शस्त्रक्रिया एक.